कॅप्सूलमधील कॉफी आणि श्रावकाचे स्वयंपाकघर

शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीमुळे इतिहासात ठाऊक असलेले सुपे हे बारामती तालुक्यातील गाव. दुधाच्या या मुलखात कॉफी म्हणजे पातेल्यात उकळणारे दूध, साखर आणि वर किसलेले जायफळ. आता मात्र पुण्या-मुंबईस नोकरीला असलेली मुले सुट्टीला येताना एका कपाच्या कॅप्सूलचे यंत्र घेऊन येतात आणि घरात प्रश्न उभा राहतो : कॅप्सूल कोणत्या कंपनीच्या घ्याव्यात?

नेस्लेने नेस्प्रेसो ही कंपनी १९८६ साली सुरू केली. तिच्या मूळ पद्धतीच्या यंत्रात बसणाऱ्या कॅप्सूल आता इतरही करतात. बोनहोमिया, कॉफीझा ही त्यांतील भारतीय नावे. यंत्र एका पद्धतीचे आणि कॅप्सूल दुसऱ्या पद्धतीच्या, असे झाले तर पैसे वाया जातात, एवढे प्रथम पाहावे. बाकी चवीची चर्चा दुकानदार करतोच. श्रावकाला पाहावयाचे असते ते वेगळेच.

पहिली गोष्ट चिकोरीची. चिकोरी हे मूळ आहे. ते वाळवून, भाजून कॉफीत मिसळतात. ब्रू, सनराइज यांसारख्या परिचित इन्स्टंट कॉफींत ती असतेच. आपल्या नियमांनुसार अशा मिश्रणात निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे किमान ५१ टक्के, कॉफी असावी लागते आणि दोहोंचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. कॅप्सूलमध्ये बहुधा शुद्ध कॉफी असते, तरी दाक्षिणात्य फिल्टर कॉफीच्या चवीची कॅप्सूल घेताना हे अक्षर शोधलेच पाहिजे. वाळलेली सुंठ आणि हळद चालते, मग भाजलेली चिकोरी का नको, असा तर्क काही घरांत केला जातो. काही घरांना तो पटत नाही. ज्यांचा कंदमुळाचा त्याग आहे त्यांनी आपल्या गुरुमहाराजांना विचारावे, डब्यावरील हिरव्या ठिपक्याला नव्हे. कारण त्या ठिपक्याला कंदमूळ अडत नाही, आणि मधही अडत नाही. मांसाहारी पदार्थाच्या सरकारी व्याख्येतून दूध वगळले आहे, तसा मधही वगळला आहे. व्हॅनिला, कॅरॅमल अशा चवींच्या कॅप्सूलवरील बारीक अक्षरे म्हणूनच चष्मा लावून वाचावीत.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ही कोणत्याही जाहिरातीत येत नाही. यंत्राच्या टाकीत पाणी थंड असते. कप करताना ते तेवढ्यापुरते तापते, पण त्याला उकळी येत नाही. उकळलेलेच पाणी घेणाऱ्या श्राविकेने टाकीत गाळून, उकळून निवविलेले पाणी भरावे, काळमर्यादा सांभाळावी आणि रात्री टाकी रिकामी करावी. वापरलेल्या कॅप्सूल यंत्राच्या पोटातील डब्यात साठतात. आतील ओला चोथा पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो. चातुर्मासात जीवोत्पत्ती टाळण्यासाठी घराचा कोपरा न् कोपरा पाहणाऱ्या गृहिणीने हा डबा विसरू नये. तो रोजच्या रोज धुवावा.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. एका कॅप्सूलमध्ये साधारण पाच-सहा ग्रॅम कॉफी असते. ४० रुपयांना पाच ग्रॅम मिळाली, तर ती ८००० रुपये किलोने घेतल्यासारखी झाली! पाहुण्यांच्या वेळी हा थाट समजण्याजोगा आहे; रोज चारदा मात्र नाही.

उरला कचरा. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने २०१६ साली सरकारी खर्चाने कॅप्सूल कॉफी घेणे बंद केले, ते कचऱ्यापायीच. सुप्याजवळच मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारांचे. माळावर वाऱ्याने उडणारे वेष्टन तेथे पोहोचायला वेळ लागत नाही. ॲल्युमिनियमची कॅप्सूल कापून, चोथा झाडाच्या आळ्यात टाकून, रिकामी वाटी धुऊन भंगारवाल्याकडे देता येते. प्लास्टिकची असेल तर तिला बहुधा कोणी घेत नाही, म्हणून दोन कंपन्या सारख्याच वाटल्या तर ॲल्युमिनियमची निवडावी.

आणि ज्या घरात यंत्र अजून आलेलेच नाही, तेथे कपाच्या काठावर अडकविण्याची कागदी ड्रिप पिशवी आणून पाहावी. तिला वीज लागत नाही, टाकी लागत नाही. नवकारशीची ४८ मिनिटे झाली की चुलीवरचे उकळते पाणी तिच्यावर ओतायचे, आणि आजींसाठी शेजारच्या पातेल्यात जायफळाची ठेवायची.