चोवीस तास पाणी आणि घरातला मीटर

हॉस्टेलवर सकाळी साडेसातला तोंडाला साबण लावल्यावर पाणी जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ओरडा सुरू होतो, कोणीतरी बादली घेऊन खालच्या मजल्यावर पळतो आणि शेवटी सगळा दोष टाकीला जातो. मी कॉलेजात शिकवतो आणि राहायला कराडशेजारी मलकापूरला. स्टाफरूममध्ये हल्ली मला "काय, घर काय म्हणतंय?" असं विचारतात, कारण घरातलं जे मोजता येईल ते मोजायचा मला नाद आहे. या वर्षीचा अहवाल पाण्यापासून सुरू करतो.

मलकापूर हे पुणे-बेंगळुरू हायवेवरचं, आगाशिव डोंगराच्या पायथ्याचं गाव. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास. एवढ्याशा गावाचं नाव पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात देशभर झालं, ते २००९ च्या सुमारास इथं सुरू झालेल्या चोवीस तास पाणी योजनेमुळे. पाणी कोयना नदीचं. योजनेचं तांत्रिक काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं. घरोघरी मीटर, तेही रेडिओ सिग्नलवर रीडिंग देणारे, म्हणजे वाचणाऱ्याला प्रत्येक घराच्या कोपऱ्यात वाकून बघायला नको. दर टप्प्याटप्प्यानं वाढणारे, आपल्या लाइटबिलासारखे.

चोवीस तास म्हटलं की लोकांना वाटतं, आता नासाडीच नासाडी. खरं तर नासाडी दोन तासाच्या पाण्यात जास्त होते. पाणी जाणार या धास्तीनं आपण पिंप, हंडे, कळश्या सगळं भरतो. दुसऱ्या दिवशी ताजं आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून ओतून देतो. नळाला तोटीच नसली तर पाणी आल्यापासून जाईपर्यंत गटारात धार चालू.

दुसरी गोष्ट दिसत नाही म्हणून जास्त वाईट. पाणी बंद झालं की रस्त्याखालचा पाइप रिकामा होतो आणि आतला दाब जातो. मग जिथं भेग आहे तिथून बाहेरचा ओल आत शिरतो, आणि शेजारून गटार जात असेल तर तोही. त्यात कोणी थेट लाइनला मोटर लावली की ओढ आणखी वाढते. पाइप कायम भरलेला आणि दाबात असेल तर भेगेतून पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही. कर्नाटकात हुबळी-धारवाडच्या काही भागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झालं. तिथले आणि ठरावीक वेळी पाणी येणाऱ्या भागांतले नमुने नंतर संशोधकांनी तपासले. थांबून-थांबून येणाऱ्या पाण्यात ई-कोलाय जंतू कितीतरी जास्त वेळा सापडले. शहर तेच, पाणी देण्याची पद्धत वेगळी.

आता फ्लुइड मेकॅनिक्सवाल्यांसाठी गंमत. समजा रस्त्याखालचा एक पाइप तासाला ७ लिटर गळतोय. दोन तास पाणी असेल तर दिवसाला १४ लिटर गेले. चोवीस तास असेल तर १६८! म्हणून जुन्या, गळक्या पाइपांत नुसतं चोवीस तास पाणी सोडून चालत नाही. आधी पाइप नीट करायचे, दाबाचं गणित बसवायचं, मीटर लावायचे, मग व्हॉल्व्ह उघडायचा. काही ठिकाणी हा क्रम उलटा करायची घाई होते, आणि मग ‘ही कल्पनाच चुकीची’ म्हणून सगळे मोकळे.

आमच्या घरात खालच्या नळाला मी प्रेशर गेज लावून बघितला. १.४ आला, म्हणजे साधारण १४ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. वरच्या मजल्याचा शॉवर ५ मीटरवर, म्हणजे वर ९ मीटर शिल्लक, त्यातून घर्षणाचा तोटा वजा. शॉवर बिनमोटरचा मस्त चालतो. हजार लिटरची टाकी आणि अर्धा एचपीची मोटर, दोन्हींना रिटायर केलं. गच्चीवर २०० लिटरची एक छोटी टाकी मात्र ठेवली, कारण सोलर हीटर काचेच्या नळ्यांचा, बिनदाबाचा. त्याला थेट लाइनचा दाब द्यायचा नसतो. ही गोष्ट बसवणारे दरवेळी सांगतातच असं नाही, तेव्हा घरी हीटर घेणार असाल तर विचारा.

सगळं झालं, पण आईचं काय? आमचं आधीचं घर दुसऱ्या गावात. तिथं पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि पंचवीस वर्षं त्या वेळेला आईच उठली. इथं आल्यावरही ती उठायची, चार हंडे भरायची, कालचं पाणी तुळशीला आणि अंगणात. मी म्हणालो, "आई, नळ कधीही सोड, पाणी हायच." ती म्हणाली, "आज हाय. उद्याचं कुणी बघितलंय?" यावर कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही. पंचवीस वर्षांचा अनुभव तिच्या बाजूला होता, माझ्या बाजूला सहा महिन्यांचा.

उत्तर आलं ते मीटरमधून, तेही आडवळणानं. एका महिन्यात बिल एकदम वरच्या टप्प्यात गेलं. सौ. म्हणाली, अंगण धुणं बंद करा. आईला वाटलं बोलणं तिच्या हंड्यांवर आहे, आणि दोन दिवस घरात कोणी नीट बोलेना. मग मी मीटर वाचला. रात्री ११ ला एक रीडिंग, पहाटे ५ ला दुसरं, मध्ये कोणीही नळ उघडायचा नाही. त्या दिवशी आईलाही साडेचारला उठायची बंदी! सहा तासांत ४२ लिटर गेले होते. तासाला ७, दिवसाला १६८, महिन्याला पाच हजार लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचं आपल्याकडचं प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. म्हणजे आमच्या घरात एक न दिसणारा पाहुणा राहत होता आणि आमच्यापेक्षा जास्त पाणी वापरत होता.

पाहुणा वरच्या फ्लशच्या टाकीत सापडला. आतला रबरी वॉशर झिजलेला, धार इतकी बारीक की भांड्यात दिसत नाही. टाकीत हळदीचं पाणी टाकलं, दहा मिनिटांत खाली पिवळं उतरलं. वॉशर बदलला, पुढच्या रात्री मीटरचं छोटं चाक जागचं हललं नाही. आई स्वतः बॅटरी घेऊन बघून आली. तिचे हंडे निर्दोष सुटले. आता ती दोनच भरते, आणि उठते सहाला.

सोलरचा अहवाल थोडक्यात. गच्चीवर ३ किलोवॉटची पॅनल बसवली, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेतून. चांगल्या उन्हात दिवसाला बारा-एक युनिट येतात, आषाढात आकडा बघू नये. सगळे विचारतात, "लाइट गेल्यावर तुमच्याकडं असतेच की!" नसते. बॅटरी नसलेला ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाइन मेली की स्वतः बंद पडतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आमच्या गच्चीवरून शॉक बसेल. तेव्हा भर उन्हात, गच्चीवर पॅनल असून, आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेत बसतो. नळाला मात्र पाणी असतं, कारण ते उंच टाकीतून उतारानं येतं.

हॉस्टेलवर घरोघरचा मीटर नाही, पण गच्चीवरच्या टाकीवर हाच प्रयोग होतो. टाकीचा व्यास १.८ मीटर असेल तर पातळी १ सेंटिमीटर उतरली की २५ लिटर गेले. रात्री १ ला भरणारा व्हॉल्व्ह बंद करा, पट्टीनं पातळी घ्या, ५ ला पुन्हा घ्या. त्या चार तासांत कोण-कोण उठलं याची नोंद दारावरच्या कागदावर ठेवा. गच्चीच्या किल्लीसाठी रेक्टर सरांना आधी विचारा, आणि हळद मेसमधून मागून घ्या, उचलून नको.