अँटकडून मेव्हनकडे

संगणकाची आज्ञावली माणूस ज्या भाषेत लिहितो, त्या भाषेत ती बहुधा जशीच्या तशी चालत नाही. तिचे भाषांतर व्हावे लागते, ते तपासावे लागते, इतरांनी लिहून ठेवलेले भाग तीस जोडावे लागतात आणि शेवटी सर्वांचे एक गाठोडे बांधावे लागते. या खटाटोपाला आपण बांधणी म्हणू.

जावा भाषेच्या जगात हे काम पुष्कळ वर्षे 'अँट' या साधनाकडे होते. जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी ते टॉमकॅट या आज्ञावलीच्या बांधणीसाठी निर्माण केले व २००० साली ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. त्याची रीत हुकमाची. अमुक फोल्डर उघड, तमुक फायली भाषांतरित कर, अमक्या जागी ठेव. सांगावे तेवढेच ते करणार. यात स्वातंत्र्य मोठे, परंतु प्रत्येक ठिकाणची हुकमांची यादी निराळी आणि तिचे मर्म ती लिहिणारालाच ठाऊक. जुना हेडक्लार्क निवृत्त झाल्यावर दप्तराची जी दशा होते, तीच येथे होते.

'मेव्हन'ची पहिली आवृत्ती २००४ साली व दुसरी २००५ साली निघाली. त्याचे म्हणणे असे की, कसे करावे ते सांगू नका. तुमच्यापाशी काय आहे तेवढे सांगा. तपासणी, भाषांतर, चाचणी, गाठोडे, पडताळा, स्वतःच्या यंत्रावरील कोठारात जमा आणि अखेर सामायिक कोठारात रवानगी, असे त्याचे प्रमुख टप्पे ठरलेले. एका टप्प्याचे नाव घेतले की त्याआधीचे सारे आपोआप पार पडतात. परके भागही नाव आणि आवृत्ती सांगताच मध्यवर्ती कोठारातून आणले जातात.

मग स्थलांतर म्हणजे जुन्या यादीचे नव्या भाषेत रूपांतर, असा समज होतो. तो फसवा आहे. जुन्या फोल्डरातील परक्या भागांवर पुष्कळदा आवृत्तीचा आकडाच नसतो. आधी त्यांची ओळख पटवावी लागते. पण खरी कसोटी पुढेच. अँट एकाच ढिगातून चार गाठोडी सहज बांधी. मेव्हनला एका प्रकल्पाचे एकच मुख्य गाठोडे मान्य. ढीग विभागू जावे, तो कळते की हिशेबाचा विभाग छपाईवर विसंबून आहे आणि छपाईचा हिशेबावर! एकत्र होते तोवर हे खपून जाई. मेव्हन असे वर्तुळ दिसताच बांधणीच नाकारतो. दोघांना लागणारा अंश काढून तिसरा विभाग करावा लागतो. म्हणजे बांधणी नव्हे, आज्ञावलीच सुधारावी लागते. वेळ लागतो तो इथे, आणि माझ्या मते या स्थलांतराचे मोलही इथेच आहे.

चौकटीत न बसणारी कामे अँटच्याच आज्ञांनी करून घेण्याची सोय मेव्हनमध्ये आहे. ती तात्पुरती वापरावी. सारी जुनी यादीच तीत कोंबली, तर नुसती पाटी बदलली असे होईल. काही दिवस दोन्ही बांधण्या शेजारी शेजारी चालवाव्यात, दोन्ही गाठोडी उघडून फाईल न् फाईल ताडून पाहावी आणि फरक उरला नाही म्हणजेच जुनी यादी काढून टाकावी.