रेषा कुठे ओढायची?

कोल्हापुरात तहसील कचेरीपुढे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला गरिबीची व्याख्या नको असते. आपला आकडा मर्यादेच्या आत बसतो का, एवढेच त्याला कळायला हवे असते. पण ही मर्यादा ठरते कशी?

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २,२५० उष्मांकांचा आधार घेतला. १९६०-६१ च्या किमतींनुसार त्यांची रेषा खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये, तर शहरात २७० रुपये खर्चाची होती.

पुढे रेषा बदलल्या. २०११-१२ साठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने महाराष्ट्राची रेषा माणशी महिना खेड्यात ९६७ आणि शहरात १,१२६ रुपये होती. त्यानुसार ग्रामीण गरिबी २४.२ टक्के, शहरी ९.१ टक्के. रंगराजन समितीने त्याच वर्षासाठी रेषा १,०७८ आणि १,५६० रुपयांवर नेली. शहरी गरिबी १७ टक्क्यांवर गेली. ग्रामीण मात्र २२.५ टक्क्यांवर उतरली!

रेषा वर सरकली, तरी खेड्यातले गरीब कमी कसे झाले? रंगराजन समितीने वापरलेल्या पाहणीत भाजी, तेल, अंडी यांचा खर्च महिन्याऐवजी गेल्या सात दिवसांचा विचारला होता. महिन्याभराची भाजी कुणाला आठवते? आठवड्याची आठवते. त्यामुळे नोंदलेला खर्च वाढला. म्हणजे रेषेइतकेच प्रश्न विचारण्याच्या पद्धतीलाही महत्त्व असते.

रेशनची मर्यादा मात्र खर्चाची नव्हे, उत्पन्नाची. अन्नसुरक्षा कायदा लागू करताना राज्याने प्राधान्य कुटुंबांसाठी ती शहरात वर्षाला ५९,००० रुपये ठेवली. इचलकरंजीतल्या एखाद्या यंत्रमाग कामगाराचे पाच जणांचे कुटुंब धरा. माणशी महिन्याला ९८३ रुपये येतात, म्हणजे तेंडुलकरांच्या शहरी रेषेहूनही कमी. अशी मर्यादा गोठून राहिली आणि महागाईच्या प्रमाणात मजुरी वाढली, तर घरात एक घासही न वाढता ते कुटुंब कागदावर ‘सुधारते’ आणि धान्याचा हक्क गमावते.

म्हणून ‘गरिबी घटली’ असे वाचले की आधी विचारावे : रेषा कोणती, कोणत्या सालची, आणि खर्च विचारला कसा?