वेगाची किंमत आणि चालकाचे कसब

बाहेरून कुटुंबवत्सल दिसणारी चार दारांची मोटार आणि पोटात शर्यतीच्या जातीचे इंजिन, अशी जोड जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९८५ साली एम-५ या गाडीत घातली. तिची शक्ती २८६ अश्वशक्ती होती. २०२४ साली आलेल्या तिच्या वंशजाची शक्ती, विजेच्या मोटरीसह, ७२७ आहे. अमेरिकेत २००० साली सुमारे ७० हजार डॉलरांना मिळणारी ही गाडी २०२५ साली सुमारे १ लाख २० हजारांवर गेली. ही सगळी वाढ डॉलरच्या घटलेल्या क्रयशक्तीचीच आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु गाडीच्या शक्तीबरोबर चालकाचे कसब वाढले काय?

पदार्थविज्ञान कोणाचीही भीड धरीत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तरी तेवढे अंतर हातचे गेलेच. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबण्याचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा साहाय्य करील. पण टायर आणि रस्ता यांमधील घर्षणाची मर्यादा तिलाही ओलांडता येत नाही.

मग कसब कशाला म्हणावे? दूरवर नजर ठेवणे, पुढच्या वाहनापासून निदान दोन सेकंदांचे अंतर राखणे, वळणाच्या आधीच वेग उतरविणे. या गोष्टी विकत मिळत नाहीत. म्हणूनच त्या साध्या गाडीच्या धन्यालाही साध्य आहेत. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचे प्राण अश्वशक्तीवर नव्हे, याच सवयींवर अवलंबून असतात.