चार्ल्स बर्नचे दात

१९०९ साली अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये आले. संग्रहालयाचे प्रमुख आर्थर कीथ यांच्यासोबत त्यांनी तिथल्या एका सांगाड्याची कवटी आतून तपासली. नाकाच्या मागे, मेंदूच्या खाली, हाडात एक लहान खळगी असते. वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी, म्हणजेच पीयूषिका, त्या खळगीत बसते. या कवटीत ती खळगी फार रुंदावलेली होती. आत कधीकाळी गाठ वाढली होती, आणि सात फूट सात इंचांचा तो सांगाडा त्या गाठीनेच घडवला होता.

माणसाचे नाव चार्ल्स बर्न. जन्म १७६१चा, गाव लिटलब्रिज, उत्तर आयर्लंडमधल्या डेरी आणि टायरोन परगण्यांच्या सीमेवरचे. १७८२मध्ये तो लंडनला आला आणि तिकीट काढून त्याला बघायला लोकांची रीघ लागली. जून १७८३मध्ये तो वारला, तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. मरणापेक्षाही त्याला एका गोष्टीचे भय होते: आपले प्रेत शल्यवैद्यांच्या हाती पडेल. म्हणून शिशाच्या पेटीत घालून आपल्याला समुद्रात सोडावे, असे त्याने मित्रांना बजावले होते. नामांकित शल्यवैद्य जॉन हंटर यांनी पैसे चारून ते प्रेत मिळवले. पाचशे पौंड मोजल्याचे सांगतात. उकळून हाडे मोकळी केली, सांगाडा जोडला आणि पुढे आपल्या संग्रहात मांडला. जोशुआ रेनॉल्ड्स यांनी हंटर यांचे व्यक्तिचित्र काढले, त्यात वरच्या कोपऱ्यात या सांगाड्याचे पाय दिसतात. मला ते चित्र फार वेळ बघवत नाही.

गाठ नेमके काय करते? पिट्युटरीच्या काही पेशी वाढीचे संप्रेरक तयार करतात. ते यकृतापर्यंत पोचले की तिथून आयजीएफ-१ नावाचा दुसरा संदेशवाहक निघतो आणि हाडे-मांस वाढू लागते. या पेशींची गाठ झाली की संप्रेरक मोकाट सुटते. लांब हाडांच्या टोकांची वाढीची चकती बंद होण्याआधी हे घडले तर माणूस उंच होत जातो. शिवाय फुगलेली गाठ उरलेल्या ग्रंथीला दाबते, त्यामुळे वयात आणणारी संप्रेरके कमी पडतात, चकत्या उशिरापर्यंत उघड्या राहतात आणि उंची आणखी वाढते. मोठेपणी गाठ झाली तर उंची वाढत नाही. हात, पाय, जबडा, जीभ, नाक रुंदावतात. पियेर मारी यांनी १८८६मध्ये या आजाराला अ‍ॅक्रोमेगॅली हे नाव दिले.

हे बदल इतके संथ असतात की घरच्यांनाही कळत नाहीत. अंगठी बोटात जाईनाशी होते, चपलेचा नंबर वाढतो, दातांत फटी पडतात, घोरणे वाढते, मधुमेह आणि रक्तदाब जडतो. प्रत्येक तक्रारीवर वेगळ्या डॉक्टरांचे वेगळे औषध चालू राहते आणि मूळ रोग कळायला कित्येक वर्षे जातात. गाठ बहुधा कर्करोगाची नसते, पण वर डोळ्यांच्या नसा असतात. त्या दाबल्या गेल्या की दोन्ही बाजूंची नजर आकसत जाते. जुने फोटो शेजारी ठेवून पाहणे ही आजही अत्यंत उपयोगी तपासणी आहे. त्यानंतर आयजीएफ-१ची रक्तचाचणी, मग एमआरआय.

बर्नची खरी गोष्ट २०११मध्ये पुढे सरकली. लंडनमधल्या मार्ता कोरबोनित्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या दातांतून डीएनए मिळवला. एआयपी नावाच्या जनुकात एक बिघाड सापडला. पिट्युटरीच्या गाठींशी या जनुकाचा संबंध फिनलंडच्या संशोधकांनी २००६मध्येच दाखवला होता. नेमका तोच बिघाड आज उत्तर आयर्लंडमध्ये राहणाऱ्या चार कुटुंबांतही होता. सर्वांचा समान पूर्वज साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचा निघाला. पुढच्या पाहणीत मिड अल्स्टर भागात दीडशे माणसांमागे साधारण एकाजवळ हा बिघाड असल्याचे दिसले. आयरिश लोककथांतले राक्षस यातूनच आले, असे मी म्हणणार नाही. पण त्या भागात फार उंच माणसे पूर्वापार जन्मत आली असणार, हे मानायला भक्कम आधार आहे.

बिघाड असलेल्या प्रत्येकाला गाठ होत नाही. बहुतेकांना होतच नाही. ज्यांना होते त्यांना मात्र ती लहान वयात, मोठी आणि नेहमीच्या इंजेक्शनांना दाद न देणारी होते. आई किंवा वडिलांकडून ती जोखीम मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून वाहक मुलांची उंची नियमित मोजतात, रक्त तपासतात, गरज पडल्यास एमआरआय करतात. गाठ लवकर सापडली की नाकावाटे काढता येते आणि वाढ वेळेत थांबवता येते. बर्नच्या दातांमुळे त्याच्या मुलखातल्या या मुलांच्या आजाराचे मूळ उलगडले.

एवढे मोल मान्य करूनही, सांगाडा ठेवून घेण्याचे समर्थन मला पटत नाही. २०११मध्येच लेन डॉयल आणि थॉमस म्युन्झर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले की बर्नला त्याच्या इच्छेप्रमाणे समुद्रात सोडावे. २०२३मध्ये रॉयल कॉलेजचे हे संग्रहालय, हंटर यांच्या नावाचे हंटेरियन, पुन्हा उघडले, तेव्हा सांगाडा प्रदर्शनातून काढण्यात आला, पण संशोधनासाठी तो संग्रहातच राहिला. जनुकाची माहिती तर केव्हाच हाती आली आहे. पुढचे संशोधन संमती देणाऱ्या जिवंत कुटुंबांबरोबर चालू आहे, आणि ही संमती बर्नकडून कोणी घेतलीच नव्हती.