मातीची साक्ष

शेतातील मातीचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवून नत्र, स्फुरद व पालाश यांचे प्रमाण जाणून घेण्याची पद्धत शेतकरी बंधूंच्या आता चांगल्या परिचयाची झाली आहे. परंतु हीच माती प्रसंगी न्यायालयात साक्षही देते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

हे शक्य होते याचे कारण शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. एकाच शिवारात ओढ्याकाठचा गाळ वेगळा, माळावरील मुरूम वेगळा आणि चुनखडीची चोपण जमीन वेगळी. रंग, कणांचा आकार, खनिजे, त्यांत मिसळलेले परागकण किंवा विटांचा चुरा यांवरून तज्ज्ञ दोन नमुन्यांची तुलना करतात.

सन १९०८ च्या वसंत ऋतूत जर्मनीतील रॉकेनहाउझेन या गावाजवळ एका स्त्रीचा खून झाला. संशय तेथीलच एका इसमावर होता. हा मनुष्य कारखान्यात काम करी व शेतीही करी. आपण त्या ठिकाणी गेलोच नाही, केवळ स्वतःच्या शेतातून हिंडलो, असे त्याचे म्हणणे. त्याची बंदूक व विजार मात्र एका पडक्या किल्ल्यात सापडली. फ्रँकफुर्ट येथील रसायनशास्त्रज्ञ गेऑर्ग पॉप यांजकडे त्याचे जोडे तपासावयास आले. ते जोडे त्याच्या पत्नीने आदल्या रात्रीच स्वच्छ केले होते. अर्थात त्यांवरील चिखल एकाच दिवसाचा होता.

टाचेच्या पुढील खाचेत साचलेला तो चिखल पॉप यांनी एकत्र खरवडला नाही, थराथराने उकलला. कातड्यास चिकटलेल्या पहिल्या थरात हंसपक्ष्यांची विष्ठा होती. ती त्याच्या घरापुढील. त्यावर गवताचे तुकडे, नंतर खुनाच्या जागी असलेल्या तांबड्या वालुकाश्माचे कण, आणि शेवटी कोळसा, विटांचा चुरा व सिमेंट, म्हणजे किल्ल्याची माती. दिवसभराचा मार्ग क्रमाने लिहून ठेवावा तसे ते थर होते! त्याच्या शेतातील दुधी गारगोटीचे कण मात्र जोड्यावर कोठेच आढळले नाहीत. मला तर या प्रकरणात जे सापडले नाही, तेच अधिक बोलके वाटते.

अर्थात माती मनुष्याचे नाव सांगत नाही. दोन नमुने जुळतात किंवा जुळत नाहीत, इतकेच ती सांगते. बाकीचा पुरावा पोलिसांनी जमवावा लागतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येथे एक भेद ध्यानात ठेवावा. खतांच्या शिफारशीसाठी आपण शेतातील अनेक ठिकाणची माती घेऊन ती मिसळतो आणि त्यातून एक नमुना काढतो. गुन्ह्याच्या तपासात असे मिसळणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. तेथे प्रत्येक जागेची माती निराळी ठेवावयाची असते, व बहुधा वरचा पातळ थरच उपयोगी पडतो, कारण जोड्यास तोच लागतो.

विहिरीवरील पंप चोरीस गेला अथवा घर फोडले गेले, की गावकरी प्रथम तेथे गर्दी करतात, आणि घरातील मंडळी नेहमीप्रमाणे सडा-सारवण उरकून घेतात. तसे होऊ देऊ नये. पोलीस पाटलास ताबडतोब कळवावे, जागेभोवती दोरी बांधावी, आणि पडलेली पहार, फावडे वा चप्पल चिखल न पुसता जेथल्या तेथे राहू द्यावी. नमुना घेण्याचे काम पोलिसांचे व न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचे आहे. आपण उत्साहाने माती गोळा करू नये. पाऊस येण्याचा संभव असल्यास ती जागा पालथे घमेले ठेवून झाकावी.