जंजिरा : बेटावरील राजधानी

जंजिरा हे रायगड जिल्ह्यातील मुरूड तालुक्यात राजपुरी खाडीच्या मुखाशी वसलेले बेट असून ते सिद्दींच्या जंजिरा संस्थानाची राजधानी होते. अरबी भाषेतील 'जझीरा' (बेट) या शब्दावरून हे नाव रूढ झाले. सुमारे २२ एकरांचे हे बेट चहूबाजूंनी तटबंदीने वेढलेले आहे. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली येतो.

इतिहास

प्रथम येथे राम पाटील या कोळी प्रमुखाचा लाकडी मेढेकोट होता. तो निजामशाहीच्या ताब्यात गेल्यावर सोळाव्या शतकात दगडी बांधकाम झाले. सिद्दी हे मूळचे पूर्व आफ्रिकेतील. निजामशाहीच्या चाकरीतून त्यांनी येथे आपली सत्ता उभी केली. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यावर वारंवार मोहिमा काढल्या आणि सिद्दीला शह देण्यासाठी जवळच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला. इ.स. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी राजपुरीच्या किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगडांचा सेतू घालण्यास आरंभ केला. परंतु मोगली फौज कोकणात उतरल्याने त्यांना परतावे लागले.

जंजिऱ्याला 'अजिंक्य' म्हटले जाते. ते बेटापुरते खरे आहे, सिद्दींच्या राज्यापुरते नाही. इ.स. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सात यास ठार केले आणि त्यानंतर सिद्दींचा मराठ्यांना असलेला धाक ओसरला. इ.स. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

प्रेक्षणीय स्थळे

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने किल्ल्यात जाता येते. पूर्वाभिमुख महाद्वार दोन बुरुजांच्या आड असल्याने अगदी जवळ पोहोचेपर्यंत दिसत नाही, आणि शत्रूच्या दृष्टीने हीच त्याची खरी ताकद होती. होडी लाटांवर हलत असतानाच दरवाजाच्या पायऱ्यांवर उतरावे लागते, म्हणून वृद्धांनी व लहान मुलांनी विशेष काळजी घ्यावी. दरवाजाजवळील शिल्पात एका हिंस्र श्वापदाने पंजांत व शेपटीत हत्ती पकडलेले दाखविले आहेत.

तटावरील तोफांमध्ये कलाल बांगडी, चावरी व लांडा कासम या तीन नावाजलेल्या आहेत. मात्र पाहणाऱ्याने तोफांपाशीच रेंगाळू नये. आतील गोड्या पाण्याचे दोन तलाव अधिक महत्त्वाचे आहेत : सभोवार खारे पाणी असताना या तलावांवाचून बेटावर वस्ती टिकली नसती, आणि वेढ्याला तोंड देणेही शक्य झाले नसते. तलावाजवळ सुरुलखानाच्या अनेक मजली वाड्याच्या उंच भिंती उभ्या आहेत. मशिदी, कोठारे व घरांची जोती झाडोऱ्यात दडली आहेत. एके काळी येथे नांदते गाव होते हे त्यांवरूनच ओळखायचे. पश्चिमेस समुद्राकडे उघडणारा दर्या दरवाजा संकटकाळी निसटून जाण्यासाठी होता.

२२ एकर क्षेत्र, २२ बुरूज आणि बांधकामास २२ वर्षे, असा हिशेब वाटाड्यांकडून हमखास ऐकायला मिळतो. लक्षात ठेवायला तो सोपा आहे, पण बुरुजांची संख्या सामान्यतः १९ दिली जाते.

किनाऱ्यावरील स्थळे

पुढे राजधानीचा कारभार मुरूडला आला. तेथील नवाबाचा राजवाडा खासगी मालकीचा असून बाहेरूनच पाहता येतो. राजपुरीजवळ खोकरी येथे सिद्दी सरदारांच्या तीन घुमटाकार कबरी आहेत. त्यांतील सर्वांत मोठी सुरुलखानाची. नवाबांचे शिकारीचे रान आता फणसाड अभयारण्य म्हणून राखले असून तेथे शेकरू आढळते.

कसे जावे

नवी मुंबईहून पेण, अलिबाग, रेवदंडा व काशीदमार्गे मुरूडला पोहोचता येते. दक्षिणेकडून येणाऱ्यांना दिघी ते आगरदांडा ही वाहने नेणारी फेरीबोट सोयीची आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. एरवीही किल्ल्यात थांबण्याचा वेळ होडीवाले ठरवितात आणि तो बहुधा तासाभराहून कमी असतो. तेवढ्यात तलाव, वाडा व दर्या दरवाजा पाहावयाचा असल्यास सकाळची पहिली होडी गाठावी.